पाच एकर, दोन हेक्टर आणि एकच मॅक्रो

पाच एकर म्हणजे किती हेक्टर, असं मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर विचारलं तर उत्तर येतं, दोन. बोलण्यापुरतं ते बरोबरच आहे. पण गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा, आणि आर असतो नेमका १०० चौरस मीटरचा. चाळीस गुंठ्यांत हा बारीक फरक साचतो आणि एकराचे ४० ऐवजी ४०.४७ आर होतात. पाच एकरांचे मग २.०२ हेक्टर. अल्पभूधारकाची हद्द २ हेक्टरला संपते. म्हणजे ०.४० ने गुणलं तर माणूस यादीत, ०.४०४७ ने गुणलं तर यादीबाहेर.

आता हा गुणक एक्सेलच्या एखाद्या मॅक्रोत, म्हणजे एक्सेलकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहिलेला आहे असं समजा. तालुक्यात सज्जे, म्हणजे तलाठ्यांची कार्यक्षेत्रं, अनेक, प्रत्येक सज्जाची वेगळी एक्सेल फाइल आणि प्रत्येक फाइलीत त्या मॅक्रोची स्वतंत्र कॉपी. कुणीतरी मध्येच ०.४० चं ०.४०४७ केलं, ते चार फाइलींत पोहोचलं, बाकीच्यांत नाही. सगळ्या फाइली नीट उघडतात, एकही एरर येत नाही आणि बेरजा मात्र जुळत नाहीत. मॅक्रो अनेक फाइलींत वापरण्याचा प्रश्न खरा इथे आहे. वेळ वाचतो हे ठीकच, पण नियम एका जागी राहतो की दहा जागी, हे त्याहून महत्त्वाचं. दहा जागी राहिलेला नियम दहा नियम होतो.

कॉपी होते ती सवयीने. ऑल्ट-एफ११ दाबलं की एडिटर उघडतो, डावीकडच्या यादीतून मॉड्यूल, म्हणजे मॅक्रोचं कोड लिहिलेलं पान, ओढून दुसऱ्या फाइलीवर सोडलं की तिथे त्याची प्रत तयार. किंवा राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट फाइल', म्हणजे बीएएस नावाची साधी मजकुराची फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवरून दुसरीकडे 'इम्पोर्ट'. एक्स्पोर्ट जपून ठेवायला उत्तम आहे, वाटायला वाईट. शिवाय मॅक्रो फाइलीतच असला की ती फाइल एक्सएलएसएम ठेवावी लागते. कुणी घाईत साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केली, पडद्यावरची इंग्रजी सूचना न वाचता 'येस' दाबलं, की मॅक्रो गेला. टेम्प्लेट करून ठेवण्याचंही तेच: त्यातून निघालेली प्रत्येक नवी फाइल त्या दिवशीचा मॅक्रो घेऊन जाते आणि पुढची दुरुस्ती तिला कधी कळत नाही.

एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीतला मॅक्रो ॲप्लिकेशन-रन या कोडमधल्या आज्ञेने हाकता येतो. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव एकेरी अवतरणात घालावं लागतं, आणि ती दुसरी फाइल जागेवर असावी लागते. टूल्समधल्या रेफरन्सेसनेही जोडता येतं, पण त्याआधी प्रोजेक्टचं, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या कोडचं, 'व्हीबीए-प्रोजेक्ट' हे मूळ नाव बदलावं लागतं (व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा), नाहीतर दोन्हीकडे एकच नाव म्हणून एक्सेल अडून बसतं. हे दोन्ही मार्ग जाणकाराच्या टेबलावर चालतात. ऑफिसभर नाही.

राहिले दोन. पहिला पर्सनल मॅक्रो वर्कबुक. मॅक्रो रेकॉर्ड करताना 'स्टोअर इन' मध्ये हा पर्याय निवडला की एक्सेल स्वतःच ती लपलेली फाइल तयार करतं आणि एक्सएलस्टार्ट नावाच्या फोल्डरात ठेवतं. एक्सेल उघडलं की ती आपोआप, दिसू न देता उघडते. एकट्या माणसाला यापेक्षा सोपं काही नाही: स्वतःचे शॉर्टकट, फॉरमॅटिंग, छपाईची मांडणी. पण ती त्या मशीनवरच्या त्या लॉग-इनची असते. त्यातलं फंक्शन, म्हणजे सूत्रासारखं उत्तर देणारं आपण लिहिलेलं कोड, सेलमध्ये लिहिताना आधी फाइलीचं नाव आणि उद्गारचिन्ह लावावं लागतं, आणि तशी फाइल शेजारच्या टेबलावर गेली की सूत्र मेलं. एक्सेल दुसऱ्यांदा वेगळं सुरू झालं तर 'पर्सनल लॉक्ड फॉर एडिटिंग' अशी पाटी येते. त्यात बिघडलेलं काही नसतं, पहिल्या एक्सेलने ती आधीच उघडलेली असते इतकंच.

दुसरा मार्ग ॲड-इनचा, म्हणजे एक्सेलला एकदा जोडली की सगळ्या फाइलींना आपलं कोड वापरू देणाऱ्या वेगळ्या फाइलीचा. दोनापेक्षा जास्त माणसं किंवा दोनापेक्षा जास्त मशीन असतील तर माझ्या मते दुसरं काही करूच नये.

नवी कोरी फाइल घ्या. ऑल्ट-एफ११, इन्सर्ट, मॉड्यूल. वरच्या ओळीत ऑप्शन एक्स्प्लिसिट (आधी जाहीर न केलेलं नाव कोडमध्ये चालू न देणारी ओळ), खाली फंक्शन्स. डीबग मेनूतून कम्पाइल करून घ्या, कारण ॲड-इनमध्ये एका ओळीची चूक सगळ्या ऑफिसला दिसते. फाइलीच्या माहितीत 'टायटल' असतं, तिथे ओळखू येईल असं नाव द्या, ॲड-इनच्या यादीत तेच दिसतं. मग सेव्ह ॲज, प्रकार 'एक्सेल ॲड-इन', म्हणजे एक्सएलएएम. हा प्रकार निवडताच एक्सेल तुम्हाला न विचारता स्वतःच्या ॲडइन्स फोल्डरात उडी मारतं. तिथे सेव्ह करू नका. परत मागे येऊन सी ड्राइव्हवर साधा एक फोल्डर करा आणि त्यात ठेवा. सगळ्या मशीनवर हाच फोल्डर, हेच नाव, हीच स्पेलिंग.

ही अट जाचक वाटते, पण ती का आहे ते समजून घ्यावं. एक्सेलचा तो मूळचा ॲडइन्स फोल्डर असतो यूझर्समध्ये, वापरणाऱ्याच्या नावाखाली, लपलेल्या ॲपडेटामध्ये. म्हणजे प्रत्येक मशीनवर पत्ता वेगळा. ॲड-इनमधलं फंक्शन सेलमध्ये वापरलं की एक्सेल फाइलीत त्या ॲड-इनचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली, तिथे तो पत्ता नाही, मग साध्या सूत्राच्या जागी पहिल्या माणसाच्या फोल्डरासकट हातभर लांब सूत्र दिसतं आणि उत्तराच्या जागी 'नेम' एरर. 'काल चालत होतं, आज नेम दाखवायलंय' ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा पत्त्याचंच दुखणं असतं. डेटा मेनूत एडिट लिंक्समध्ये जाऊन 'चेंज सोर्स'ने आपल्याकडच्या ॲड-इनकडे वळवलं की सूत्रं जिवंत होतात. पण पत्ता सगळीकडे सारखा ठेवला तर ही वेळच येत नाही.

जोडणी मशीनमागे एकदाच: फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली 'मॅनेज'मध्ये एक्सेल ॲड-इन्स, गो, ब्राउझ, फाइल निवडा, खूण करा. तुमची फाइल नेटवर्कवर असेल तर 'ॲडइन्स फोल्डरात कॉपी करू का' असं विचारतं. तिथे 'नो'. 'येस' म्हटलं की पुन्हा प्रत्येकाची वेगळी प्रत आणि पुन्हा ०.४०.

ॲड-इनमधली फंक्शन्स सेलमध्ये कुठलंही नाव न जोडता सरळ लिहिता येतात. मॅक्रो मात्र ऑल्ट-एफ८ च्या यादीत दिसत नाहीत, आणि इथे पुष्कळ जण ॲड-इन जोडलंच गेलं नाही असं समजून परत कॉपी-पेस्टकडे वळतात. नाव पूर्ण टाइप केलं तर 'रन' चालू होतं. रोजच्या वापरासाठी रिबनवर स्वतंत्र टॅब करून तो त्याच एक्सएलएएममध्ये बसवावा, तो फाइलीबरोबर सगळीकडे जातो. शीटवर बटण चिकटवून त्याला मॅक्रो जोडणं टाळावं, त्या बटणातही पत्ताच लिहिलेला असतो.

आता सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट. फाइलीतला मॅक्रो ॲड-इनमध्ये नेला की कोडमधल्या 'थिसवर्कबुक' या शब्दाचा अर्थ बदलतो. थिसवर्कबुक म्हणजे ज्या फाइलीत कोड राहतो ती. आधी ती सज्जाची फाइल होती, आता ती ॲड-इन आहे. मॅक्रो चालतो, एरर येत नाही आणि आकडे ॲड-इनच्या लपलेल्या शीटवर लिहिले जातात. माणूस पडदा बघत बसतो, काहीच झालेलं नसतं. समोरची फाइल हवी असेल तर 'ॲक्टिव्हवर्कबुक'. पण तेही मॅक्रोच्या पहिल्याच ओळीत एकदा पकडून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि पुढे तेच वापरायचं, कारण मॅक्रोने मध्ये दुसरी फाइल उघडली की ॲक्टिव्ह तीच होते. कुठल्याही फाइलीचं नाव न लावता नुसतं 'शीट्स' किंवा 'रेंज' लिहिलेलं कोड ॲड-इनमध्ये नेण्याआधी ओळ न ओळ तपासावं. मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेड चालत नाही, हेही नव्या माणसाला आधीच सांगितलेलं बरं.

थिसवर्कबुकचा हाच गुण एका ठिकाणी मात्र उपयोगी पडतो. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी येत नाही. कोडमध्ये 'अक्षरी रुपये' टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. चिन्हाचा युनिकोड आकडा देऊन अक्षर उमटवता येतं, 'क' साठी २३२५, पण असं एक वाक्य लिहायला अर्धा दिवस जातो. मेसेज बॉक्ससुद्धा प्रश्नचिन्हंच दाखवतो. यूझरफॉर्मवरचं, म्हणजे एडिटरमध्ये आपण बनवलेल्या छोट्या खिडकीवरचं, लेबल देवनागरी दाखवतं, म्हणून मराठी सूचना तिथे द्यावी. आणि मजकूर ठेवायची जागा म्हणजे ॲड-इनची स्वतःची शीट. ॲड-इन असली तरी ती फाइलच आहे, तिला शीट असते, फक्त दिसत नाही. एडिटरमध्ये डावीकडे थिसवर्कबुक निवडून खालच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इजॲडिन' फॉल्स केलं की ती समोर येते. मजकूर भरा, परत ट्रू करा, आणि एडिटरमधूनच सेव्ह करा. ॲड-इनमध्ये बदल करून एक्सेल बंद केलं तर 'सेव्ह करू का' असं ते विचारत नाही. बदल मुकाट्याने जातो.

रक्कम अक्षरी लिहिण्याचं फंक्शन घ्या. मोंढ्यातल्या अडतीच्या हिशोबपट्टीपासून शाळेच्या पावतीपर्यंत सगळ्यांना ते लागतं. इंटरनेटवर सापडतं ते मिलियनवालं. मराठीत अडचण दुहेरी. एक तर लाख आणि कोटी. दुसरं म्हणजे इंग्रजीत वीसनंतर दशक आणि एकक जोडून काम भागतं, आपल्याकडे नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्र आहे. त्र्याहत्तर आणि शहाऐंशी कुठल्या नियमातून काढणार? म्हणून ॲड-इनच्या शीटवर पहिल्या रकान्यात १ ते ९९ चे शब्द खालोखाल लिहायचे. फंक्शन रकमेचे तुकडे पाडतं: आधी १,००,००,००० ने भागून कोटी, उरलेल्यातून लाख, मग हजार, मग शेकडा, मग बाकी. प्रत्येक तुकड्याचा शब्द त्या ओळीतून उचलायचा. ४,७३,५८६ चे तुकडे ४, ७३, ५ आणि ८६, म्हणजे चार लाख त्र्याहत्तर हजार पाचशे शहाऐंशी. शेकड्याला एक अपवाद हाताने घालावा लागतो: नुसते १०० असतील तर 'शंभर', पुढे काही असेल तर 'एकशे'. शब्दाची चूक निघाली तर कोडला हात न लावता शीटवरचा एक सेल दुरुस्त होतो. हेक्टरचा तो गुणकही असाच शीटवर, आपल्या नावाच्या सेलमध्ये ठेवावा.

या फंक्शनमध्ये आकड्यांची मर्यादा सांभाळावी लागते. व्हीबीएत आकड्यांचे प्रकार असतात, त्यातला इंटिजर ३२,७६७ ला संपतो. रक्कम तर सोडाच, ओळी मोजायलाही तो पुरत नाही, तालुक्याची यादी त्यापुढे जाऊ शकते. लाँग २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो, म्हणजे दोनशे चौदा कोटी आणि काही. पुरेसा वाटतो, पण साखर कारखान्याचं हंगामाचं ऊसबिल लिहायला घेतलं तर तोही अपुरा, आणि व्हीबीएचे 'मॉड' (भागून उरलेली बाकी) व उलट्या तिरक्या रेषेचा पूर्णांक भागाकार दोन्ही त्याच्यापुढे ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मावत नसल्याचा एरर, देतात. करन्सी प्रकार घेऊन साध्या भागाकारावर दशांश भाग टाकून देणारं इंट लावावं. पैशांसाठी व्हीबीएचा राउंडही वापरू नये, तो २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४. शीटवरचा राउंड वर्कशीटफंक्शनमधून बोलवावा, तो आपल्याला शाळेत शिकवलेला आहे तसा वागतो.

एकर-गुंठ्यांची बेरीज हे दुसरं असंच फंक्शन. ३ एकर ३५ गुंठे ३.३५ असं लिहिलेलं असतं. ३.३५ आणि १.२० यांची साधी बेरीज ४.५५ येते, पण ३५ आणि २० गुंठे मिळून एक एकर पंधरा गुंठे होतात आणि खरं उत्तर ५ एकर १५ गुंठे. हेक्टर-आरला हा त्रास नाही, कारण हेक्टरचे आर पुरते १०० असतात. फंक्शन सोपं आहे: सगळ्याचे गुंठे करा, बेरीज करा, ४० ने भागा. फसतं ते दशांशानंतरचा भाग काढताना. १.१५ मधून १ वजा करून १०० ने गुणलं की मशीनच्या पोटात १५ येत नाहीत, १४.९९९९९ असं काहीतरी येतं, आणि त्यावर इंट लावला की १४. एक गुंठा बांधावरच गेला. तिथे राउंड हवा. दुसरी गोष्ट, २.५ लिहिणाऱ्याला दोन एकर पाच गुंठे म्हणायचं आहे की दोन एकर पन्नास, हे कुठल्याच कोडला कळणार नाही. गुंठे ४० किंवा जास्त निघाले तर फंक्शनने उत्तर न देता एरर द्यावा. खरं तर एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत भरून घेणं कुठल्याही मॅक्रोपेक्षा शहाणपणाचं, पण आलेल्या फाइली आपण भरलेल्या नसतात.

तारखांचं दुखणं तर हाताने तपासताना दिसतच नाही. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, डबल क्लिकने उघडली की विंडोजच्या सेटिंगप्रमाणे ०५/१०/२०२४ म्हणजे पाच ऑक्टोबर. तीच फाइल मॅक्रोने उघडली की व्हीबीए अमेरिकन पद्धतीने वाचतं आणि ती दहा मे होते. २५/१०/२०२४ ला पंचविसावा महिना नसल्याने ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. सोयाबीनच्या ऐन आवकेतल्या पट्ट्या त्यामुळे अर्ध्या उन्हाळ्यात जातात, अर्ध्या बेरजेतून गळतात. वर्कबुक्स-ओपनला 'लोकल' हे आर्ग्युमेंट ट्रू दिलं की प्रश्न मिटतो. फाइल उघडण्याचं काम ॲड-इनमधल्या एकाच प्रोसीजरकडे द्यावं, म्हणजे हे प्रत्येक मॅक्रोत आठवणीने लिहावं लागत नाही.

आयएफएससीची तपासणीही तिथेच ठेवावी: ११ अक्षरं, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं कायम शून्य. तिथे शून्याऐवजी ओ हमखास सापडतो. नावांच्या मागे चिकटलेली १६० क्रमांकाची मोकळी जागा नेहमीच्या ट्रिमने जात नाही, तिला आधी साध्या जागेत बदलावं लागतं.

वाटपाची एक गंमत आहे. तीच ॲड-इन पेनड्राइव्हवरून नेली तर चालते आणि व्हॉट्सॲप वेबवरून उतरवली तर चालत नाही. विंडोज इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला एक अदृश्य शिक्का मारतं, आणि २०२२ पासून एक्सेल असा शिक्का असलेल्या फाइलीतले मॅक्रो मुळातच अडवतं. हा शिक्का एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकतो, बहुतेक पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी पद्धतीचे असतात, तिथे तो गळून पडतो. ॲड-इनच्या बाबतीत तर सूचनाही दिसत नाही, रिबनवरचा टॅब नुसता गायब असतो. फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'. आणि आपला तो सी ड्राइव्हवरचा फोल्डर ट्रस्ट सेंटरमधल्या ट्रस्टेड लोकेशन्समध्ये घालून ठेवा. सगळे मॅक्रो सरसकट चालू करण्याचा पर्याय घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

नेटवर्कवर एकच फाइल ठेवून सगळ्यांनी तिलाच जोडायचं, हे पुस्तकी उत्तर. आपल्याकडे लाइट गेली, नेटवर्कचा स्विच बंद पडला की एक्सेल त्या फाइलीची वाट बघत अडून बसू शकतं. म्हणून मूळ फाइल एका मशीनवर आणि सकाळी लॉग-इन होताना एका ओळीच्या बॅच फाइलने (विंडोजच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलीने) ती प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर उतरवणं, ही मला जास्त टिकाऊ व्यवस्था वाटते. एक्सेल उघडण्याआधी कॉपी झाली पाहिजे, उघडं असताना फाइल बदलली जात नाही. आवृत्तीचा क्रमांक परत देणारं एक छोटं फंक्शन ॲड-इनमध्ये असू द्या. आकडे जुळेनात की आधी दोन्ही मशीनवर ते एका सेलमध्ये लिहून बघायचं. नवी आवृत्ती आल्यावर जुनी उत्तरं तशीच दिसत राहतात, कंट्रोल-ऑल्ट-एफ९ ने सगळं नव्याने मोजून घ्यावं. जुन्या कोडमध्ये विंडोजची स्वतःची फंक्शन्स 'डिक्लेअर' या शब्दाने बोलावलेली असतील तर ६४-बिट ऑफिसवर पीटीआरसेफ शब्द जोडल्याशिवाय ती कम्पाइल होत नाहीत.

गुगल शीट्समध्ये हेच काम ॲप्स स्क्रिप्टची, म्हणजे तिथल्या मॅक्रोच्या भाषेची, लायब्ररी करते. स्क्रिप्ट आयडी टाकून ती प्रत्येक शीटला जोडायची आणि आवृत्ती निवडायची. लायब्ररीतलं फंक्शन थेट सेलमध्ये लिहिता येत नाही, त्या शीटच्या स्क्रिप्टमध्ये त्याला हाक मारणारं दोन ओळींचं फंक्शन ठेवावं लागतं. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही, त्यामुळे साहेबांनी फोनवर फाइल उघडून काही बदललं तर पुढचं सांगता येत नाही.

बाहेर, म्हणजे बँकेकडे किंवा वरच्या कार्यालयात, जाणाऱ्या फाइलीत आपलं एकही फंक्शन राहू देऊ नये. सगळी शीट कॉपी, पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. मग कंट्रोल-एफ, 'लुक इन'मध्ये फॉर्म्युलाज, शोध पूर्ण वर्कबुकमध्ये, आणि आपल्या फंक्शनचं नाव टाकून बघायचं. काही सापडलं नाही की एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह. खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्टच असला पाहिजे, कारण एक्सेल आकड्याचे १५ अंकच धरतं, सोळावा अंक शून्य होतो. सीएसव्ही मागितली असेल तर ती करून झाल्यावर पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, आकड्याच्या सुरुवातीची शून्यं तिथे गळतात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा.